मुंबईत घराभोवती कोणती झाडं लावावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे संपत आला की सोसायट्यांच्या समित्या, तळमजल्यावरची कुटुंबं आणि वसई-बोरिवलीकडचे बैठ्या घरांतले लोक एकदम जागे होतात आणि तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. भाजीपाला आणि आंबा-फणस यात नाहीत. फुलं, पानं, सावली आणि वास यांसाठी लावायच्या झाडांपुरतंच हे पान आहे. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

1. वृक्ष, झुडूप आणि बहुवर्षायू झाड यांत फरक काय? नर्सरीवाला सगळ्यालाच “प्लांट” म्हणतो.

एक ठसठशीत खोड आणि त्यावर डेरा असेल तर वृक्ष: बहावा, बकुळ. जमिनीपासूनच चार-सहा खोडं फुटत असतील तर झुडूप: जास्वंद, तगर, एक्झोरा. खोड लाकडी होत नाही, पण जमिनीतला कंद किंवा गड्डा जिवंत राहून वर्षानुवर्षं फुटत राहतो ते बहुवर्षायू: कर्दळ, सोनटक्का, हेलिकोनिया, स्पायडर लिली. मुंबईत कडाक्याची थंडी नसल्यामुळे सदाफुलीसारखी झाडंही इथे काही वर्षं टिकतात. झेंडू मात्र हंगामीच.

सीमारेषा पक्की नसते. तगर छाटत राहिलात तर झुडूप, सोडून दिलीत तर छोटा वृक्ष. कामिनीचंही तसंच.

2. नर्सरीत गेलं की सगळंच आवडतं. निवडीची सुरुवात कुठून करायची?

नर्सरीत जाण्याआधी स्वतःच्या कंपाउंडमध्ये एक रविवार घालवा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता ऊन कुठपर्यंत येतं ते खडूने जमिनीवर आखा. सहा तास थेट ऊन मिळणारी जागा, तीन-चार तासांची जागा आणि अजिबात ऊन नसलेली जागा, असे तीन भाग पडतील. बहुतेक फुलझाडं पहिल्या भागात जातात. शेजारी वीस मजल्यांचा टॉवर उभा राहिला असेल तर पूर्वीचा अंदाज मोडीत काढा.

मग वर बघा: तारा, खिडक्यांच्या ग्रिल, वरच्या मजल्याचे एसी. मग खाली बघा: ड्रेनेजचे चेंबर, पाण्याची टाकी, गॅसची लाइन. शेवटी पहारीने दोन फूट खणून पाहा. मुंबईच्या बऱ्याच कंपाउंडमध्ये वरच्या वीतभर मातीखाली विटांचे तुकडे, फरशा आणि सिमेंटचा राडारोडाच निघतो.

हवामानाचा हिशेब असा: इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. म्हणजे झाडाला चार महिने पाय पाण्यात ठेवता आले पाहिजेत आणि आठ महिने तहान काढता आली पाहिजे. बंगळुरूत किंवा पुण्यात छान दिसणारी निम्मी झाडं इथे या एका कारणाने हरतात.

आणि रोप पिशवीत किती गोड दिसतं याला काडीची किंमत नाही. पंधरा वर्षांनी त्याचा डेरा किती रुंद असेल ते विचारा. नर्सरीवाल्याला सांगता आलं नाही तर रस्त्यावर त्याच जातीचं मोठं झाड शोधून त्याखाली पावलं मोजा. नाहीतर भायखळ्याच्या राणीबागेत एक चक्कर मारा. तिथे यातली बरीच झाडं पूर्ण वाढलेली बघायला मिळतात.

3. एकाच मोठ्या झाडाची जागा आहे. बहावा लावू, तामण लावू की गुलमोहर?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

*गुलमोहर* मूळचा मादागास्करचा. मेमध्ये तो काय दिसतो हे मुंबईकराला सांगायला नको. पण त्याचं लाकूड ठिसूळ, मुळं उथळ आणि डेरा छत्रीसारखा पसरलेला. जुलैच्या वाऱ्यात ओल्या फांद्यांचं वजन पेलवत नाही आणि फांदी, कधी अख्खं झाड, खाली येतं. त्यात बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवलेले असले की मुळं आणखीच कमकुवत होतात. मोकळ्या मैदानाच्या कडेला जरूर लावा. गाड्या उभ्या राहतात त्या कंपाउंडमध्ये नको. उभा असलेला तोडायचा का, ते प्रश्न 17 मध्ये.

*बहावा* एप्रिल-मेमध्ये पानं टाकून पिवळ्या झुंबरांनी भरतो. डेरा आटोपशीर, पाण्याची मागणी कमी. दोष दोन. पहिली तीन-चार वर्षं तो जागचा हलत नाही असं वाटतं. आणि हातभर लांब काळ्या शेंगा वर्षभर लटकतात, मग पडतात. काहींना ते घाण वाटतं. पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध मारायला धावू नका. पिवळसर-पांढरी फुलपाखरं बहाव्यावर अंडी घालतात, त्यांच्या त्या अळ्या. झाड पुन्हा पालवतं.

*तामण* हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प. जांभळी, चुण्या पडलेल्या रेशमी पाकळ्यांची फुलं एप्रिल ते जून येतात, कधी पावसात दुसरा हलका बहरही येतो. मूळचा ओढ्याकाठचा असल्यामुळे पाणी साचलेलं त्याला चालतं, आणि मुंबईत हा गुण फार मोलाचा आहे. गळण्याआधी पानं तांबूस होतात तेही देखणं दिसतं.

मला विचाराल तर सोसायटीच्या कंपाउंडसाठी पहिली पसंती तामण, भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन असेल तर बहावा. बारमाही सावली हवी असेल आणि घाई नसेल तर बकुळ. तिची वाढ संथ, डेरा गच्च, पानगळ जेमतेम आणि पहाटे खाली फुलांचा सडा. पिकलेली फळं खाली उभ्या गाडीच्या टपावर पडतात, एवढं एक लक्षात ठेवा.

विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर उन्हाळ्याच्या तोंडाला गुलाबी दिसतात ती झाडं कोणती, असंही बरेच जण विचारतात. ती टॅबेबुया, मूळची अमेरिका खंडातली. उंच जाते. एक-दोन झाडांपेक्षा रांगेतच खुलते.

4. भिंतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून किती लांब लावायचं? मुळं पाया फोडतात का?

धडधाकट आरसीसी पायाला तामण-बहाव्याची मुळं सहसा काही करत नाहीत. मुळं ओलीच्या मागे जातात. गळका ड्रेनेज पाइप, तडा गेलेली टाकी, जुनी चुन्याची भिंत सापडली की तिथे शिरतात. म्हणून आधी गळती बंद करा.

अंतराचा ढोबळ नियम: चाफा, कांचन यांसारखी छोटी झाडं इमारतीच्या भिंतीपासून अडीच-तीन मीटर, तामण-बहावा-बकुळ पाच मीटर, गुलमोहर आणि त्याहून मोठी झाडं आठ मीटर. भूमिगत टाकी, सेप्टिक टँक आणि चेंबर यांच्यावर किंवा लगत काहीच वृक्ष नको. तिथे कर्दळ, लिली असलं काही लावा, दुरुस्तीच्या वेळी उपटून परत लावता येतं.

वड, पिंपळ, उंबर आणि त्यांची भावंडं (यात शोभेचा रबर आणि फायकस बेंजामिनाही आले) इमारतीजवळ जमिनीत कधीच लावू नका. कुंडीतला रबर मोठा झाला म्हणून मायेने कोपऱ्यात जमिनीत लावतात आणि पुढच्या समितीला वारसा ठेवून जातात.

5. आमच्याकडे कुंपणाच्या भिंतीलगत पाच-सहा फूट रुंद पट्टाच आहे. झाड लावताच येणार नाही का?

येईल, पण “झाड” म्हणजे छोटं झाड. देवचाफा सगळ्यात सोपा. छाटकलमाने लागतो, मुळं सौम्य, पाण्याची हौस नाही. थंडीत पानं गाळून नागवा उभा राहतो, तेव्हा तो मेला म्हणून कोणी उपटत नाही ना, एवढं बघा. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. पडलेली पानं झाडून टाकली की बहुतेक वेळा भागतं.

पारिजातकही याच मापाचा. त्याला ऊन हवं. फांद्या मोडक्या आणि झाडाचं आयुष्य फार नाही, पण ऑगस्ट ते ऑक्टोबर रोज पहाटे फुलं खाली. तगर, कामिनी आणि कांचन छाटून आटोक्यात राहतात. याशिवाय आपटा. छोटा, काटक, दसऱ्याला कामाचा. शेजारपाजारचे लोक पानांसाठी फांद्याच मोडून नेतात, म्हणून गेटच्या आतल्या बाजूला लावा.

6. सोनचाफ्याला चार वर्षं झाली, उंच गेला, एकही फूल नाही. काय चुकलं?

बहुधा तुमचं रोप बियांपासून केलेलं आहे. अशा चाफ्याला फुलायला सात-आठ वर्षंही लागतात आणि तोवर तो तिसऱ्या मजल्यावर पोहोचतो. वसई पट्ट्यात फुलांसाठी सोनचाफ्याच्या बागा आहेत, त्यांत कलमी रोपं असतात. ती एक-दोन वर्षांत फुलतात आणि कमरेच्या-डोक्याच्या उंचीवर ठेवता येतात. घेताना खोडावर कलमाचा सांधा दिसतो का ते पाहा. सांध्याखालून फुटलेला फुटवा लगेच काढा, नाहीतर खालचा जंगली भागच वाढून वरचं कलम मरतं.

रोप कलमी असूनही फूल नसेल तर ऊन मोजा (प्रश्न 2). सावलीत सोनचाफा नुसता उंच होतो. बुंध्याशी पाणी साचलेलं त्याला अजिबात सोसत नाही, त्यासाठी प्रश्न 9.

7. कंपाउंडमध्ये रांगेने उभा असतो तो अशोक आणि सीतेचा अशोक एकच का?

नाही, नात्यातलेही नाहीत. रांगेतला सरळसोट म्हणजे आसुपालव, खोटा अशोक. सीतेचा अशोक वेगळा, फांद्यांवरच नारिंगी-लाल गुच्छ येणारा. फेब्रुवारी ते मे त्याचा बहर. त्याला दमट हवा आणि लहानपणी थोडी सावली आवडते, म्हणून दोन इमारतींमधल्या अर्धवट उन्हाच्या जागेत तो चांगला रमतो. वाढ हळू. जंगलात तो कमी झाला आहे, लावायला हे आणखी एक कारण.

8. घर समुद्रासमोर आहे. काहीही लावलं की पानांच्या कडा करपतात.

ते मिठाचं काम. नैऋत्येचा वारा पावसाळ्यात खारे तुषार आत फेकतो, ते पानांवर सुकतात. किनाऱ्यावर मुळातच वाढणारी झाडं घ्या: उंडी, पारोसा पिंपळ (भेंड म्हणतात तोच), करंज, केवडा. उंडीची जाड चकचकीत पानं आणि पांढरी सुवासिक फुलं पाहिल्यावर लोक ती मुद्दाम का लावत नाहीत याचं आश्चर्य वाटतं. झुडपांत बोगनवेल आणि कण्हेर (पण आधी प्रश्न 13 वाचा), खाली स्पायडर लिली. चाफाही बरा टिकतो.

पुढची रांग या मंडळींची लावा. त्यांच्या आडोशाला मागे तगर, जास्वंद जगतात. वादळी वाऱ्यानंतर पाऊस थांबला की गोड्या पाण्याच्या नळीने पानं धुऊन काढा. वरळी, वर्सोवा, मढ इथल्या लोकांनी ही सवयच लावून घ्यावी.

9. पावसात आमच्या कंपाउंडमध्ये दोन-तीन दिवस पाणी तुंबतं. काय जगेल?

तामण, करंज आणि समुद्रफळ. समुद्रफळाच्या लाल लोंबत्या माळा रात्री उमलतात आणि सकाळी तुंबलेल्या पाण्यावर तरंगतात. खाली कर्दळ, सोनटक्का, केवडा.

सोनचाफा, देवचाफा, बोगनवेल, अनंत आणि अडेनियम अशा जागी सडतात. लावायचेच असतील तर दीड-दोन फूट उंच मातीचा वाफा बांधून त्यावर लावा. पाणी समुद्राच्या भरतीचं, खारं असेल तर तामणाचा भरवसा धरू नका, प्रश्न 8 मधली किनाऱ्यावर मुळातच वाढणारी झाडं घ्या.

10. इमारतीच्या मागच्या बाजूला ऊन येतच नाही. फुलं येतील असं काही?

मनासारखी फुलं येणार नाहीत, हे आधीच मान्य केलेलं बरं. तिथे पानांची शोभा करा: ड्रेसीना, अग्लोनिमा, नेचे, मनीप्लांट, पीस लिली. दोन-तीन तास तिरपं ऊन येत असेल तर अबोली, सोनटक्का आणि सीतेचा अशोक जमतो. लॉनचा नाद सोडा. सावलीत ते पहिल्या पावसाळ्यातच शेवाळतं.

11. कुंपणाला काय लावू? लवकर वाढणारं हवंय. सगळीकडे कोनोकार्पस दिसतो, तो लावला तर?

कोनोकार्पस नको. तो वाढतो खरा झपाट्याने, पण छाटायचं थांबलात की कुंपणाचा वृक्ष होतो आणि मुळं पाइपलाइनच्या मागे लागतात. गुजरातच्या वन विभागाने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

तगर, कामिनी, मेंदी, एक्झोरा ही सगळी छाटणीला चांगली. कामिनीचं कुंपण दोन वर्षांत दाट होतं आणि पहिल्या पावसाबरोबर पांढरं होतं. कुणी आत शिरू नये असं हवं असेल तर काटेकोरांटी किंवा बोगनवेल. रोपं दीड-दीड फुटावर, एकाआड एक दोन ओळींत लावा. फूटभर उंच असतानाच शेंडे खुडायला लागा, म्हणजे तळाशी पोकळ राहत नाही. आधी उंच होऊ देऊन मग छाटलेलं कुंपण खालून उघडंच राहतं.

घाणेरी सुंदर दिसते, पण पक्षी तिच्या बिया नॅशनल पार्कापर्यंत नेतात. लावू नका.

12. रातराणी लावली तर साप येतात असं सासूबाई म्हणतात. खरं का?

साप वासाला येत नाहीत. उंदीर, बेडूक आणि लपायला जागा असली की येतात. रातराणी खाली दाट, अस्ताव्यस्त वाढते, पालापाचोळा साठतो, तिथे पाली-बेडूक जमतात. खालचा फूटभर भाग मोकळा ठेवा, अडगळ हटवा, सासूबाईंचंही समाधान होईल.

वासाचा खरा प्रश्न वेगळा आहे. रातराणी झोपण्याच्या खिडकीखाली नको, काहींचं डोकं धरतं. सातवीण तर पाऊस संपल्यावर फुलते तेव्हा अख्ख्या गल्लीत दरवळते. कुणाला आवडतं, कुणाला मळमळतं. सोसायटीत लावण्याआधी दोन-चार घरांत विचारा. सौम्य सुगंधासाठी मोगरा, कुंद, अनंत, बकुळ. मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या अखेरीस करा, मार्चपासून कळ्या धरतात.

13. घरात लहान मूल आणि कुत्रा आहे. विषारी कोणती?

कण्हेरीचं पान, फूल, खोड, सगळंच हृदयावर परिणाम करणारं विषारी. बिट्टीचंही तेच आणि तिच्या बिया विशेष धोक्याच्या. दोन्ही देवपूजेला लागतात म्हणून सर्रास असतात. असतील तर उपटाच असं नाही, पण मुलं खेळतात त्या बाजूला नकोत आणि छाटलेल्या काड्या पडू देऊ नका.

कुत्र्यांसाठी सायकस फार घातक, त्याच्या बिया तर जास्तच. नव्या इमारतींच्या प्रवेशद्वाराशी हटकून दोन सायकस असतात. डिफेनबेकियाचं पान चावलं तर तोंडाची आग होऊन सूज येते. मांजर असेल तर खऱ्या लिलीच्या जाती घरात आणूच नका. काही पोटात गेल्याचं कळलं तर घरगुती उपाय करत न बसता पान सोबत घेऊन डॉक्टरांकडे किंवा पशुवैद्याकडे जा.

निर्धास्त लावण्यासारखी: जास्वंद, गोकर्ण, एक्झोरा, कर्दळ, मोगरा.

14. बोगनवेलीला पानंच पानं येतात, रंग येत नाही.

लाड थांबवा. ती तहानेवर फुलते. सहा तास ऊन द्या, नत्राचं खत बंद करा आणि पानं जरा मलूल झाल्याशिवाय पाणी देऊ नका. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये एकदा कडक छाटणी करा. जमिनीतल्या वेलीपेक्षा घट्ट कुंडीतली वेल जास्त फुलते.

15. पोडियमवर किंवा गच्चीवर वृक्ष लावता येतील का?

आधी आकडा बघा. ओल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण 1800 किलो, म्हणजे फूटभर थराचं चौरस मीटरला 540 किलोच्या आसपास. राहत्या घराच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात धरलेला वापराचा भार चौरस मीटरला 200 किलो आहे. बागेसाठी मुद्दाम बांधलेला पोडियम असेल तर गोष्ट वेगळी, पण ते स्ट्रक्चरल इंजिनिअरने लेखी सांगायला हवं. बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या चित्रावर विसंबू नका.

परवानगी असली तरी झुडपांना दीड-दोन फूट आणि छोट्या झाडांना निदान तीन फूट माती लागते. वजन खांबांवर आणि तुळयांवर येईल अशी जागा निवडा. चाफा, कांचन, तगर इथपर्यंतच थांबा. साध्या गच्चीवर अर्धे कापलेले ड्रम, कोकोपीट मिसळलेलं हलकं मिश्रण आणि त्यात चाफा किंवा बोगनवेल, एवढं पुरे. ड्रमखाली विटा ठेवा, स्लॅबचा वॉटरप्रूफिंगचा थर श्वास घेतो.

कुंड्यांखालच्या ताटल्या मात्र काढून टाका. त्यांत डासांच्या अळ्या होतात, पालिकेचे लोक तपासायला येतात आणि दंडही होतो.

16. कधी लावायचं, कसं लावायचं आणि नर्सरीत रोप कसं पारखायचं?

वेळ: मृगाचा पाऊस नीट बसला की, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. पहिल्याच सरीला घाई करू नका, मधे आठ दिवसांची उघडीप पडते आणि रोप होरपळतं. कर्दळ, लिली यांचे गड्डे केव्हाही लागतात, फक्त एप्रिल-मे टाळा.

पारख: मोठं, फुलांनी लगडलेलं रोप घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. पिशवी आडवी धरा आणि तळाच्या भोकांतून बघा. जाड मुळं बाहेर आली असतील किंवा तळाशी दोरखंडासारखी गोल फिरली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलं आहे. अशी मुळं जमिनीत गेल्यावरही गोलच फिरत राहतात आणि दहा वर्षांनी वाऱ्यात झाड मुळासकट उलटतं. खोड बोटाने हलवा. माती न हलता खोड एकटंच डुगडुगलं तर नुकतंच पिशवीत भरलेलं आहे. पानाची मागची बाजू आणि बेचके पाहा, पांढरी कापसासारखी पिठ्या ढेकणाची पुंजकी असतील तर परत ठेवा. मुंबईत बरीच रोपं आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतात. आल्या आल्या न लावता आठ-दहा दिवस अर्ध्या सावलीत ठेवून घ्या.

लावणी: वृक्षासाठी मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा, झुडपासाठी दीड फूट. राडारोडा निघाला तर तो परत आत ढकलू नका. दोन भाग तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, मूठभर निंबोळी पेंड. पिशवी कापून काढा (सकट लावणारेही आहेत). रोप पिशवीत जितकं खोल होतं तितकंच लावा, खोडाचा कॉलर (खोड आणि मूळ जुळतात तो भाग) मातीखाली गेला तर सडतो. पावसाळ्यात बुंध्याशी उंचवटा ठेवा, ऑक्टोबरनंतर आळं करा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी द्या. रोज तांब्याभर दिलेलं पाणी वरच्या थरातच राहतं आणि मुळंही वरच राहतात.

टेकू सैल बांधा आणि वर्षाने काढा. तार तर अजिबात नको.

17. जुनं झाड धोकादायक वाटतं किंवा नकोसं झालंय. आमच्याच कंपाउंडमध्ये आहे, तोडलं तर?

कंपाउंड तुमचं असलं तरी झाड परस्पर तोडता येत नाही. महाराष्ट्र नागरी क्षेत्रांतल्या झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा खासगी जागेलाही लागू आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, अर्ज विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे करायचा. फांद्यांच्या छाटणीलाही परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना हेरिटेज झाडाचा दर्जा आहे. बुंध्यात आम्ल ओतणं, साल सोलणं हेही गुन्ह्यातच येतं. हे लिहावं लागतं, कारण प्रश्न “रात्रीतून काय घालता येईल” असाही येतो.

बहुतेक वेळा तोडायची गरजच नसते. जाणकाराकडून वाळक्या फांद्या काढा, डेरा विरळ करा आणि बुंध्याभोवती निदान मीटरभर चौकोन सिमेंट व पेव्हरपासून मोकळा करा. हे एप्रिल-मेमध्ये उरकायचं, जुलैत नाही. नुसता शेंडा उडवून खुंट ठेवणं सगळ्यात वाईट. त्यातून फुटणाऱ्या फांद्या कमकुवत असतात आणि पुढच्या वादळात त्याच पडतात. झाड किंवा फांदी पडलीच तर पालिकेचा आपत्कालीन क्रमांक 1916.

18. देशी झाडंच लावावीत का? परदेशी झाडं वाईट असतात ना?

सरसकट नाही. आपण देवाला वाहतो तो देवचाफा अमेरिका खंडातून आलेला आहे, त्याला परका म्हणायला कुणी तयार होणार नाही. माझा निकष साधा. ते आपोआप पसरून रान बळकावतं का, आणि त्यावर काही जगतं का? घाणेरी आणि सुबाभूळ पहिल्या प्रश्नात नापास.

दुसऱ्या प्रश्नात देशी झाडं बाजी मारतात. लिंबाच्या जातीच्या एखाद्या झाडावर नीलवंत, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, अंडी घालतं. कढीपत्ता आणि कामिनीवर त्याचा छोटा भाऊबंद येतो. पांगारा फुलला की बुलबुल, साळुंक्या, शिंजीर यांची झुंबड उडते. जागा एकाच झाडाची असेल तर देशी लावा. कुंडीत काय लावायचं ते तुमच्या हौसेवर.

19. लव्हेंडर, हायड्रेंजिया, चेरी ब्लॉसम मुंबईत येतील का?

चेरी नाही, त्याला थंडी लागते. लव्हेंडर जुलैत कुजतं. हायड्रेंजिया महाबळेश्वरला ठीक. गुलाबी बहर हवा असेल तर गुलाबी बहावा, जांभळा हवा असेल तर तामण. गुलाब थंडीत बरे येतात, पावसात पानांवर काळे ठिपके पडतात.

20. दुसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. घरातले कापू देत नाहीत. काय करावं?

कापून उपयोगही नाही. वरून कापला की महिन्याभरात दुप्पट फुटतो. बोटाएवढा असतानाच, पावसाळ्यात भिंत ओली असताना मुळासकट ओढून काढावा लागतो. काढलेलं रोप मातीच्या गोळ्यात गुंडाळून मोकळ्या मैदानावर, तलावाकाठी किंवा देवळाच्या आवारात परवानगीने लावा. एवढं सांगितलं की घरातला विरोध सहसा मावळतो. खोड मनगटाएवढं झालं असेल तर मुळं भिंतीच्या आत गेली आहेत. आधी उद्यान खात्याला कळवा (प्रश्न 17), मग गवंडी बोलावून प्लास्टर फोडून मुळं काढा आणि तडा त्याच दिवशी बुजवून घ्या. तो उघडा राहिला तर पुढच्या वर्षी कावळ्याच्या विष्ठेतून तिथेच दुसरा येईल. वरचा सांडपाण्याचा पाइप गळतोय का तेही बघून घ्या, बहुधा गळत असतो.